बुधवारचं पाणी

पहाटेची नमाज आटोपून गल्ली अंग धुते
तेव्हा दाहिरू पुलाखाली उतरतो.
हीच वेळ. उशीर केला की पाणी पातळ होतं,
त्यात नुसता साबण उरतो.

कानो शहर, जानेवारी.
वाळवंटाकडून आलेली धूळ ओठांवर, पापण्यांवर,
मोटारसायकलच्या सीटवर बोटानं नाव लिहावं इतकी.
नायलॉनची दोरी, दोरीला स्टीलचा डबा,
कोपरापर्यंत हातमोजे.
डब्याचं तोंड प्रवाहाकडे, तळाचा गाळ ढवळायचा नाही.
एक लिटर.
बाटलीवर तारीख, वेळ, नाल्याचा आकडा.
माणसाच्या नावाला चिठ्ठीवर जागाच नाही.

घरोघरी मातीच्या चुली, हे सगळेच म्हणतात;
चुलीनंतरचं कुणी बोलत नाही.
इथं ते सगळं एकत्र येतं :
बाजरीची पेज, शेंगदाण्याचं तेल,
इमामाचं, उधारी बुडवणाऱ्याचं,
कालच नांदायला आलेल्या नवरीचं,
आणि कुणाचं तरी, पोटात पाहुणा असलेलं,
ज्याला ताप नाही, कण्हणं नाही,
जे या घटकेला बहुधा काठीनं टायर पळवत असेल.

"काय पकडतोस?" पुलावरून पोरं विचारतात.
"मासा."
"इथं?"
"फार बारीक आहे. दिसत नाही. पाय खातो."
पोरं हसतात.
एकजण हसता हसता आपले पाय बघतो.

बर्फाची पेटी, रात्रीची गाडी, इबादान.
तिथं मोरेनिकेबाई पेशींच्या चादरीवर थेंब सोडतात
आणि दिवसच्या दिवस बघत बसतात.
पेशी एकमेकींना बिलगून आहेत तोवर बरं.
गोल होऊन सुटायला लागल्या
की बाई चष्मा काढतात, पुसतात, परत लावतात,
मगच वहीत लिहितात.
दाहिरूला त्यांनी कधी पाहिलेलं नाही,
त्याच्या अक्षरातला सात तेवढा ओळखतात.

निरोप आला तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी :
सातवा नाला.
दाहिरूनं फोन पालथा ठेवला.
सातव्या नाल्याला साडेतीनशे उंबरे मिळतात.
त्यातला एक त्याचा.

त्या रात्री चटईवर चौघं झोपलेली.
विजेरी मुठीत धरून, बोटांच्या फटीतून उजेड गाळत
त्यानं आठ पाय मोजले.
धाकटीच्या तळव्यावर नख फिरवलं.
तिनं झोपेतच लाथ हाणली,
इतकी जोरात, की त्याला रडू आलं.
"काय शोधतोस?" अंधारातून सआदातू.
"काही नाही."
"मग सापडलं का?"

सोमवारपासून दारांवर खडूच्या खुणा,
करंगळ्यांवर जांभळी शाई.
एका दारात बिंतावाबाई आडव्या उभ्या :
"पोर धडधाकट आहे. औषध कशाला?"
काय सांगणार तो? की तुमचं पाणी बोललं?
पाणी चुगली करत नाही.
अख्खी गल्ली एकदम बोलते,
कुणाचा आवाज कुठला ते देवालाच ठाऊक.
"माझ्या चौघांना दिलं," एवढंच म्हणाला.
"का? तुझी आजारी आहेत?"
"नाहीत. म्हणून तर."
दार अर्धंच उघडलं.
आतून पोर तेवढं पुढे आलं, आ वासून,
जीभ आधीच बाहेर.

आता पाच बुधवार काही सापडलेलं नाही.
सापडलं नाही म्हणजे नाही, असं मोरेनिकेबाई लिहीत नाहीत.
त्या लिहितात, या बाटलीत नाही.

दाहिरू दोरीची गाठ ओढून बघतो.
पुलावर तीच पोरं, एक दात पडलेला.
"मासा गेला का रे?"
"थांब," तो म्हणतो,
आणि डबा सोडतो.